सुरी सापडेपर्यंत

तुरुंगाच्या आवारात रेस्टॉरंट निघालं, तेव्हा शहरातल्या सभ्य माणसांना दोन प्रश्न पडले. पहिला – तिथे जेवणं सुरक्षित आहे का? दुसरा – स्वस्त आहे का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं आणि पहिला पुन्हा कुणी विचारला नाही.

आचारी, वाढपी, भांडी घासणारे, सगळे कैदी. ज्यांची वागणूक चांगली अशा मोजक्यांना हे काम शिकवायचं, परीक्षा घ्यायची आणि पास झाला की उरलेली शिक्षा माफ करून त्याला बाहेरच्या एखाद्या हॉटेलात नोकरीला लावून द्यायचं, अशी योजना होती. देखरेखीला एक जेलरसाहेब. जन्मभर कैद्यांवर ओरडलेल्या या माणसाला आता दारात उभं राहून ‘या, या, बसा’ म्हणावं लागे. त्यातला ‘बसा’ जुन्या सवयीने इतका खणखणीत निघे, की गिऱ्हाईक दिसेल त्या खुर्चीवर बसूनच घेई.

तीही तशीच बसली. आठ नंबरच्या टेबलावर.

ती बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लोकांच्या डोळ्यांत बघणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. पण इतके डोळे बघूनही तिच्याकडे धड कुणी बघितलेलं नव्हतं, कारण येणाऱ्यांना मुळात दिसतच नसे. हे निदान तिच्या वहिनीचं. वहिनीने उपायही शोधून काढला होता. टायरचा एक व्यापारी, नजर शाबूत, दुकान स्वतःचं. दोघांनी एकदा एकत्र जेवावं, मग पुढचं ठरवावं.

टायरवाल्याने सुपाबरोबर पुढच्या चाकांची माहिती दिली, माशाबरोबर मागच्यांची. पुडिंग आलं आणि तो ट्रॅक्टरकडे वळणार, एवढ्यात घंटा झाली. दारांना बाहेरून कड्या लागल्या.

“घाबरू नका,” जेलरसाहेब म्हणाले. “सुऱ्यांची मोजणी आहे. रोजचीच.”

तिथला नियमच तसा होता. जेवणं आटोपली की टेबलांवरच्या सुऱ्या मोजायच्या. आकडा जुळेपर्यंत कैद्यानेही हलायचं नाही आणि गिऱ्हाइकानेही. वाढप्याने आपल्या टेबलाशी, दोन्ही पंजे टेबलक्लॉथवर पालथे ठेवून उभं राहायचं.

त्या दिवशी एक सुरी कमी भरली.

“म्हणजे मला कोंडलंय?” टायरवाला ताडकन उठला. “मी काय चोर आहे?”

“तसं अजून कुणी म्हटलेलं नाही,” जेलरसाहेब म्हणाले. त्यातला ‘अजून’ त्याला झोंबला, आणि तो दारापाशी जाऊन तावातावाने बोलू लागला.

टेबलापाशी ती उरली, आणि पंजे टेकवून उभा असलेला वाढपी. तुरुंगात त्याला पाच आकडी नंबर होता. इथे टेबलावरून सगळे ‘आठ नंबर’ म्हणायचे. चार आकडे कमी झाले, ही प्रगतीच म्हणायची.

“मॅडम, पुडिंग कसं होतं?” आठ नंबरने विचारलं.

“आत्ताही तुम्हाला पुडिंगचंच पडलंय?”

“दुसरं काही विचारायची परवानगी नाही. गिऱ्हाइकाशी फक्त जेवणाबद्दल बोलायचं.”

“बरं होतं. गोड होतं.”

“आणि... टायर?”

ती इतक्या मोठ्याने हसली की चार टेबलांवरच्या माना वळल्या. त्याच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. फक्त डोळे हसले. आणि डोळ्यांतलं तिला कळत होतं. तो तिचा धंदा होता.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “मला हात उचलता येत नाहीत. खुर्चीला तुमची छत्री आहे ना... तिच्या घडीत बघा. जेवली नाही बिचारी, पण सुरी तिनेच घेतलीय.”

खरंच, ओल्या छत्रीच्या घडीत सुरी पडली होती. कड्या निघाल्या. टायरवाला जो गेला तो कायमचाच. जी बाई पहिल्याच भेटीत आपल्याला तुरुंगात टाकते, ती पुढे काय करेल, असं त्याने वहिनीला कळवलं.

पुढच्या गुरुवारी दुकानाला सुट्टी होती. ती आठ नंबरच्या टेबलावर एकटी जाऊन बसली.

“आज कुणाबरोबर?” त्याने मेनू ठेवत विचारलं, आणि जेलरसाहेबांकडे नजर टाकून पुरवणी जोडली, “म्हणजे सूप... पावाबरोबर की नुसतं?”

“नुसतं,” ती म्हणाली. “सध्या तरी नुसतंच.”

जेवण चालू असताना जेलरसाहेबांचे कान सगळ्या टेबलांवर असत. पण मोजणी सुरू झाली की त्यांचा जीव सुऱ्यांत अडके. बोटं मुडपत, ओठ हलवत ते टेबलामागून टेबल करत. मध्येच चुकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तेवढा वेळ या दोघांचा. बाहेरच्या जगात प्रेमिकांना बागा असतात, समुद्रकिनारे असतात. यांना जेलरसाहेबांचं कच्चं गणित होतं.

“आज साहेब तीनदा चुकले,” ती एकदा म्हणाली.

“मी देवाला सांगून ठेवलंय. आणि शिवाय साहेब मोजत आले की, ‘साहेब, चौदा ना?’ असं मध्येच विचारतो.”

“लबाड आहात.”

“म्हणून तर इथे आहे.”

ते मात्र तिने हसण्यावारी नेलं नाही. “विचारू एक? जेवणाबद्दल नाही.”

“विचारा. साहेब अजून तीन नंबरला आहेत.”

“काय केलं होतंत?”

त्याने टेबलक्लॉथवरच्या आपल्या पंज्यांकडे बघितलं. “आग लावली. मालकाच्या गोदामाला. मालकानेच सांगितलं होतं. त्यांना विमा मिळाला, मला हे. गोदाम रिकामं आहे म्हणाले होते. आत रखवालदार झोपलेला होता. वाचला... पण त्याचा उजवा हात गेला. तेव्हा मी निर्दोष वगैरे नाही हां, मॅडम. आधीच सांगितलेलं बरं.”

तिने आपला हात टेबलावर ठेवला, त्याच्या करंगळीपासून एक चमचा सोडून. मग चमचा उचलून बाजूला ठेवला.

“जुळलं!” जेलरसाहेब ओरडले. त्यांना सुऱ्या म्हणायच्या होत्या.

घरी वहिनीला वास लागायला वेळ लागला नाही.

“दर गुरुवारी तिथेच कशाला गं जेवायला? घरात काय चूल विझलीय?”

“तिथला मासा चांगला असतो, वहिनी.”

“मासा गळाला लागलाय, की तू?”

दादाने पेपरातून डोकं वर काढलं. “असू दे गं. तुरुंगातला जावई म्हणजे एक बरं, पळून जायची भीती नाही.”

“तुम्ही गप्प बसा!” वहिनी कडाडली. मग हिच्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाली, “हे बघ, तो माणूस चांगला असेलही. पण सुटेपर्यंत त्याचा काही भरवसा नाही. तो त्यांच्या ताब्यात आहे. उद्या त्यांनी म्हटलं ‘नाही’, की नाही. तू कुणाशी भांडणार आहेस?”

वहिनी टोमणे मारायची तेव्हा हिला काही वाटायचं नाही. वहिनी शहाण्यासारखं बोलली, त्या रात्री मात्र हिला जेवण गेलं नाही.

आणि मग एका गुरुवारी, साहेब पाच नंबरला चुकून परत एकवर गेले असताना, तो म्हणाला, “परीक्षेची तारीख आली. महिनाभर अंगावर डाग पडू द्यायचा नाही, एवढंच. पास झालो की सुटलो. आणि सुटलो की पहिला इथे येणार.”

“इथे? सुटून परत इथेच?”

“गिऱ्हाईक म्हणून. या समोरच्या खुर्चीवर बसणार.” त्याचे पंजे टेबलक्लॉथवर आवळले. “ती खुर्ची... रिकामी ठेवाल का? म्हणजे त्या दिवसापुरती नव्हे... कायमची?”

ती उत्तर द्यायला वळली, आणि –

“जुळलं!” जेलरसाहेब गरजले. कड्या निघाल्या. वाढप्यांना रांगेत आत नेलं. जाता जाता त्याने एकदा मागे बघितलं.

आठवडाभर ती त्या उत्तरावर मेहनत घेत होती. ‘हो’ तर होताच. पण त्याच्या आगेमागे बरंच होतं. रखवालदाराच्या हाताचं तिने ऐकलं आहे आणि ऐकूनच हो म्हणते आहे, हे सांगायचं होतं. वहिनी तोंडाची तिखट आहे पण मनाची नाही, हे. दुकानामागे दोन खोल्या भाड्याने मिळतायत, हेसुद्धा. गिऱ्हाइकांचे डोळे तपासता तपासता ती हे सगळं मनात घोकायची. दोघांना चुकीचे चष्मे गेले. ते जास्त खूष होते, असं कळलं.

गुरुवारी ती जाऊन बघते तो भिंतीवर एक लाकडी फळी. फळीत सुरीच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या. प्रत्येक सुरीला आपली खाच. जेवणं झाली, सुऱ्या खाचांत बसल्या, एक नजर टाकली की काम संपलं. पुडिंगचा चमचा खाली ठेवेपर्यंत कड्या निघाल्यासुद्धा. जेलरसाहेबांना या शोधाबद्दल वरून शाबासकी आली होती. ते येता-जाता फळीशेजारी उभे राहत होते, नवऱ्या मुलासारखे.

“आणखी काही हवंय, मॅडम?” आठ नंबरने जेवताना विचारलं. त्याच्या आवाजात आठवडा भरलेला होता.

“हो,” ती म्हणाली. एवढ्यात जेलरसाहेब येऊन शेजारी ठाकले.

“...काय?”

“पाव,” ती म्हणाली.

त्याने पाव आणला. तिने खाल्ला. तो पुन्हा विचारायला आला, साहेब पुन्हा आले, तिने पुन्हा पाव मागितला. त्या दिवशी तिने जन्मात खाल्ला नव्हता इतका पाव खाल्ला, आणि उत्तर पोटातच राहिलं.

पुढच्या गुरुवारी ती लांब बाह्यांचा स्वेटर घालून आली.

तिने काही वाईट मनात धरलं नव्हतं. एक सुरी थोडा वेळ बाहीत राहील. खाच रिकामी दिसेल, साहेब टेबलांखाली वाकून शोधतील, तेवढ्यात बोलून होईल, मग सुरी हळूच खाली पाडायची. मागच्या वेळी छत्रीने केलं तेच. छत्रीला कुणी काही म्हटलं नव्हतं.

तुरुंग खात्याचे मोठे साहेब त्या दिवशी फळी बघायला येणार आहेत, हे तिला कुठून ठाऊक असणार? ते कोपऱ्यातल्या टेबलावर मासा खात होते, आणि त्यांच्यामुळे जेलरसाहेबांना घाम फुटला होता.

घंटा झाली. फळीत एक खाच रिकामी. कड्या लागल्या. जेलरसाहेब टेबलक्लॉथ उचलून उचलून शोधू लागले. आठ नंबरचं टेबल त्यांनी आधीच झटकून बघितलं आणि पुढे गेले. आठ नंबर पंजे टेकवून उभा राहिला.

“हो,” ती म्हणाली.

“काय हो?”

“खुर्ची. ठेवते रिकामी. कायमची.”

योग्य काच बसली की माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते ती रोज बघायची. पण त्यात तिचा वाटा काचेपुरता. हा उजेड पहिल्यांदाच तिच्यासाठी होता.

“आणि मला सगळं सांगायचंय,” ती भरभर म्हणाली. “आज वेळ आहे. दुकानामागे दोन खोल्या...”

“आज साहेबांना सापडेनाशीच झालीय,” तो हसून म्हणाला. “गेली कुठे?”

तीही हसली. त्याने तिच्या हाताकडे बघितलं. हात टेबलावर सरळ पडला होता, जरा जास्तच सरळ.

“मॅडम... कोपर वाकवा.”

“वाकत नाही.”

त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. “हो म्हणायला किती वेळ लागतो?” तो कुजबुजला. “एक अक्षर... त्याला अख्खी सुरी?”

“नुसतं हो नव्हतं म्हणायचं...”

“टाका ती खाली. आत्ताच्या आत्ता.”

पण मोठे साहेब उठून उभे राहिले होते. “कुणी जागचं हलायचं नाही! हात टेबलावर! बायकांच्या झडतीला बाई शिपायांना बोलवा. आणि ऐकून ठेवा, बाहेरच्या माणसाकडे सुरी मिळाली, तर कैद्याला पळायला मदत केल्याचा गुन्हा लागेल. नात्यागोत्याचा असो, नसो.”

दोन बाई शिपाई आत आल्या. पहिल्या टेबलापासून सुरुवात झाली.

त्याने पंजा टेबलावरून न उचलता पुढे सरकवला. त्याची बोटं तिच्या मनगटाला लागली, बाहीत शिरली. पहिल्यांदाच त्याने तिला हात लावला होता. सुरी तिच्या बाहीतून त्याच्या तळव्याखाली आली, आणि पंजा पुन्हा जागेवर गेला.

“नाही,” ती म्हणाली. “मी सांगते त्यांना. मीच...”

“गप्प बस,” तो म्हणाला. ‘मॅडम’ नाही, ‘तुम्ही’ नाही. मग त्याने हात वर केला. “साहेब, माझ्याकडे आहे.”

ती मुळीच गप्प बसली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. खुर्ची मागे ढकलून ती ओरडली, “मी घेतली होती! माझ्या बाहीत होती!” त्याला दोघांनी दंडाला धरून नेलं तेव्हाही ती ओरडत होती. जेलरसाहेबांनी तिला पाणी दिलं.

“शांत व्हा, मॅडम. चांगल्या घरातल्या बायकांचं असंच असतं. मांजराला हाकललं तरी यांच्या डोळ्यांत पाणी.”

“अहो, पण खरंच मी घेतली!”

“कशासाठी?”

“त्याच्याशी बोलायला.”

जेलरसाहेबांना तिची मनापासून कीव आली. “मॅडम, तीस वर्षं नोकरी झाली माझी. सुरी दोन कारणांनी नाहीशी होते. एक मारायला, दुसरं पळायला. गप्पा मारायला सुरी लागते, असं मी मोठ्या साहेबांना सांगू?”

ती मोठ्या साहेबांच्या कचेरीतही गेली. तिथे तिला चहा मिळाला. तिसऱ्या खेपेला बिस्किटंही मिळाली. त्या कचेरीत कुणी आरोपी ‘मी केलं’ म्हणाला तर त्याला लगेच आत टाकत. तिला मात्र गेटपर्यंत सोडायला शिपाई देत. त्याचा गुन्हा सिद्ध करायला त्याचा कपडा पुरला. तिचा सिद्ध करायला तिचा शब्दही पुरेना.

त्याची माफी गेली, परीक्षा गेली, वर तीन वर्षं वाढली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या तुरुंगात त्याची रवानगी झाली. वहिनी ‘मी सांगत होते’ एकदाही म्हणाली नाही. मुकाट्याने डबा भरून दिला आणि म्हणाली, “लांब आहे. बसमध्ये खा.”

मोठ्या तुरुंगाच्या खिडकीत एक म्हातारा हवालदार बसला होता.

“नातं काय?”

“ओळख आहे.”

“ओळखीला भेट नाही. आई, बायको, बहीण. यातलं सांगा.”

“यातलं काहीच नाही... अजून.”

“अजून-बिजून इथे चालत नाही, बाई.” त्याने चष्मा कपाळावर सारून तिच्याकडे बघितलं. माणूस मऊ होता. “लांबून आलेल्या दिसता. बहीण म्हणून सोडतो. कोण बघतंय?”

ती बाकावर बसली. हवालदार आत गेला, बऱ्याच वेळाने परतला, वैतागून.

“अहो, तो म्हणतो, मला बहीण नाही! मी म्हटलं, अरे गाढवा, बाहेर बसलीय, तुझ्यासाठी नियम वाकवलाय. नुसतं बहीण म्हण आणि जाळीपाशी उभा राहा. तर म्हणतो, सुटेपर्यंत भेट नाही झाली तरी चालेल, पण तिला बहीण म्हणणार नाही.” हवालदार खुर्चीत टेकला. “असली माणसं! या पुढच्या महिन्यात. तोवर येईल अक्कल.”

“न आली तर बरं,” ती म्हणाली. आणि परतीच्या बसमध्ये, वहिनीचा डबा मांडीवर घेऊन, हसत हसत रडली. शेजारच्या बाईने जागा बदलली.

महिन्याने ती पुन्हा गेली. मग पुन्हा. दर खेपेला हवालदार आत जाई, आणि तेच उत्तर घेऊन कुरकुरत येई. तेवढं ऐकायला ती पहाटेची बस धरत होती. बाकीच्या बायका जाळीपलीकडे नवऱ्यांशी घरभाड्यावरून भांडून बाहेर यायच्या. ही न भेटताच लाजत बाहेर यायची.

थंडी संपता संपता एकदा हवालदार हसत बाहेर आला. किल्ल्यांचा जुडगा हातात होता.

“चला, बाई! आली अक्कल एकदाची. म्हणतो, बहिणीला पाठवा.”

ती बाकावरून उठली नाही. “आणखी काय म्हणाला?”

“काय म्हणणार? म्हणाला, दर महिन्याला एवढ्या लांब येते, तरुण वय जातंय तिचं. एकदा समोर बसवून सांगतो, घरचे म्हणतील तिथे लग्न कर. भाऊ म्हणून सांगितलं तर ऐकेल.” हवालदाराने लोखंडी दार उघडलं. “चला, चला, वेळ थोडा असतो.”

उघड्या दारातून लांबलचक बोळ दिसत होता. बोळाच्या टोकाला जाळी. जाळीमागे कुणीतरी उभं होतं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. दोन्ही पंजे तेवढे जाळीवर टेकलेले दिसत होते.

ती उठली. दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर थांबली.

“हवालदारसाहेब, त्याला सांगा,” ती म्हणाली, “मला भाऊ आहे. घरी. दुसरा नको.”

“अहो पण समोर उभाय तो! एवढे महिने खेपा घातल्या ना!”

“लावून घ्या दार.”

हवालदाराने एकदा जाळीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि दार ओढून घेतलं. किल्ली फिरवताना तो पुटपुटत होता, “आता हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू...” पण तो गेला. ती बाकावर बसून राहिली. बोळातून आत जाणारे त्याचे बूट वाजत होते, आणि मग जाळीपाशी वाजायचे थांबले.